ड्रोन उडाला खरा, नोंद कुणी केली?

मागच्या अंकात बोलता बोलता एक वाक्य लिहून गेलो, की उद्या आपल्या सोलापुरात ड्रोनची ये-जा वाढली तर त्यांच्या उडाणाची नोंद ब्लॉकचेनवर ठेवावी, निम्मी भांडणं तिथंच मिटतील. झालं. पत्रं आली, व्हॉट्सऍपवर व्हॉइस नोट आल्या, दोघांनी तर पार्क चौकात चहाच्या गाड्यावर गाठलं आणि म्हणाले नीट सांगा की राव, अर्धवट लिहून सोडू नका. म्हणून या वेळचं अख्खं सदर त्यालाच दिलंय. आणि हो, ते "निम्मी" मी आज मागे घेतोय, का ते मोहोळच्या पत्राच्या उत्तरात कळेल.

मी तलाठी म्हणून रिटायर झालो. ब्लॉकचेन म्हणजे कुणाला खोडता न येणारी वही असं नातू सांगतो. अहो, आमची फेरफार नोंदवही काय वेगळी होती? आणि त्याचा ड्रोनशी संबंध काय? (जुळे सोलापूर)

अण्णा, तुम्हाला समजवायला मला सगळ्यात सोपं जाणार कारण तुम्ही आयुष्यभर हेच केलंय. फेरफारात जुनी नोंद खोडत नाहीत, नवी नोंद नवा नंबर घेऊन खाली येते आणि सातबारावर त्या नंबराचा हवाला राहतो. ब्लॉकचेन पण तशीच, मागचं पुसायचं नाही, फक्त पुढं लिहीत जायचं.

फरक दोन. पहिला म्हणजे प्रत्येक पान मागच्या पानाला शिवलेलं असतंय. ही शिवण म्हणजे हॅश. नातवाला सांगा मोबाईलवर हॅश काढायचं एखादं फुकटचं पान उघड, त्यात "पाच एकर दहा गुंठे" टाक, खाली ६४ अक्षरांची एक माळ येईल, ० ते ९ आकडे आणि ए ते एफ अक्षरं. आता दहाचं अकरा कर. माळेतलं एखादं अक्षर बदलत नाही, सगळी माळच वेगळी येते. ती माळ पुढच्या पानाच्या डोक्यावर लिहिलेली असते, त्यामुळं कुणी मागच्या पानात एक गुंठा जरी इकडचा तिकडं केला तर पुढच्या पानावरची माळ जुळत नाही, तिथून पुढं सगळी वही बोंब मारते.

दुसरा फरक, वही एकाच्या कपाटात नसते. तुमची वही तलाठी सजात होती, किल्ली तुमच्याकडं. इथं तीच वही पाच-दहा जणांकडं एकाच वेळी असते आणि नवी नोंद घ्यायची तर ठरलेल्या लोकांनी हो म्हणावं लागतं. बिटकॉइन याच कल्पनेवर ३ जानेवारी २००९ ला सुरू झालं, तेव्हापासून लोकांना वाटतं ब्लॉकचेन म्हणजे पैसा. पैसा हा तिचा एक उपयोग. वहीत काय लिहायचं ते आपण ठरवायचं.

आता ड्रोन. रस्त्यावर दोन रिक्षा धडकल्या तर नंबरप्लेट दिसते, चार माणसं गोळा होतात, चहावाला साक्ष देतो. आभाळात चहावाला नाही. एक ड्रोन उडतो त्याच्याशी मालक, पायलट, पालिका, पोलिस, विमानतळ, विमा कंपनी असे सहा जण जोडलेले, आणि सहाही जणांकडं आपापली नोंद आपापल्या पद्धतीची. काही झालं की प्रत्येक जण आपल्या सोयीचं पान काढतो. म्हणून एकच वही, सगळ्यांकडं सारखी. ड्रोनचा नोंदणी नंबर, पायलटचं सर्टिफिकेट, परवानगी कधी मिळाली, किती वाजता उडाला, कुठून कुठं गेला, कधी उतरला, पंखे-बॅटरी शेवटची कधी बदलली, बस एवढंच लिहायचं.

पण एक सांगू का अण्णा. तलाठ्यानं शेतावर पाय न ठेवता चावडीत बसून पीकपाहणी लिहिली तर नोंदवही कितीही पक्की शिवलेली असू द्या, उसाच्या जागी ज्वारी लिहिलेली ती ज्वारीच राहणार. तुम्ही तसं केलं नसणार, पण तसं करणारे तुम्हाला चार तरी माहीत असतील. ब्लॉकचेनचं दुखणं नेमकं तेच आहे, आणि आज बाकीच्यांना मी जे काही सांगणार आहे ते फिरून तिथंच येणार आहे.

लग्नाचे फोटो-व्हिडिओ काढतो. ड्रोन आहे. आता ब्लॉकचेनचं लायसन पण काढावं लागणार का? आधीच नियमांनी डोकं उठलंय. (विजापूर रोड)

नाही बे, तसलं लायसन कुठं नसतंय. पण नियमांनी डोकं उठलंय म्हणतोस म्हणून आधी तेच बघ, कारण तुझा प्रश्न ब्लॉकचेनचा नाहीच, होटगी रोडच्या विमानतळाचा आहे.

ड्रोन नियम २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, त्याच्या वर २ किलोपर्यंत मायक्रो. मायक्रो धंद्यासाठी उडवायचा तर रिमोट पायलट सर्टिफिकेट पाहिजे. ग्रीन झोनमध्ये ४०० फुटांपर्यंत परवानगी लागत नाही, पण चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही सूट २०० फुटांवर येते, आणि ८ च्या आत ग्रीन झोनच नाही. आता आपल्या शहराचा नकाशा डोळ्यासमोर आण. आपलं विमानतळ आहे गावाच्या कुशीत. इतकी वर्षं धावपट्टी ओस होती तेव्हा कुणी विचारत नव्हतं, पण विमानांच्या आड येणारी साखर कारखान्याची चिमणी १५ जून २०२३ ला पाडली, ९ जून २०२५ ला गोव्याचं विमान उडालं, आणि तुझी निम्म्याहून जास्त मंगल कार्यालयं त्या ८ किलोमीटरच्या आत सापडली. प्रत्येक ऑर्डरच्या आधी डिजिटल स्काय या सरकारी पोर्टलवरचा नकाशा उघडून बघत जा. नवरीच्या बापाला "साहेब, इथं परवानगी लागती" म्हणायला लाजू नको.

ब्लॉकचेन तुझ्या कामी कधी येईल सांगतो. पोलिस एखाद्या भागाला ठराविक तासांसाठी तात्पुरता रेड झोन, म्हणजे उडवायला बंदी, जाहीर करू शकतात, समज सिद्धेश्वर यात्रेत, गड्ड्याच्या दिवसांत नंदीध्वजांच्या मार्गावर. तू संध्याकाळी साडेपाचला उडवलास, नोटीस पावणेसहाला निघाली, आणि नंतर कुणी म्हणालं नोटीस पाचलाच निघाली होती. तेव्हा नोटिशीची वेळ आणि तुझ्या उडाणाची वेळ दोन्ही अशा वहीत असतील की जी ना तुझ्या हातात ना त्यांच्या, तर तू वाचलास. आत्ता अशी वही नाही. तोवर आपल्या ऍपमधला लॉग प्रत्येक ऑर्डरनंतर काढून ठेवत जा, मेमरी कार्ड फॉरमॅट मारायच्या आधी.

डाळिंबावर ड्रोननं फवारणी करून घेतली. एकरी ५०० ठरले होते. माझा प्लॉट ५ एकर १० गुंठे, मोजलेला. पायलटनं ऍपमध्ये ६ एकर दाखवून ३००० मागितले. मी म्हणालो २६२५ च देणार. बांधावर अर्धा तास वाद झाला, शेवटी मधले धरून दिले. ब्लॉकचेन असती तर हा वाद झाला नसता का? (मोहोळ तालुका)

दादा, तुमच्या पत्रानं मला माझं "निम्मी" गिळायला लावलं. पत्र वाचून आधी मनात म्हणालो बरोबर, असाच तर उपयोग, स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट लावायचं, ड्रोननं एकर सांगितले की पैसे आपोआप खात्यातून वळते, बांधावर उभं राहून हुज्जत नको. मग कागद-पेन घेऊन तुमचा हिशोब मांडला आणि गप्प बसलो.

बघा काय होतंय. फवारणीचा ड्रोन शेताची मोजणी करत नाही. तो नोझल चालू असताना किती मीटर उडाला ते मोजतो आणि त्याला फवाऱ्याच्या पट्ट्याच्या रुंदीनं गुणतो. समजा ऍपमध्ये पट्टा ४ मीटर भरलाय, पण पायलटनं दोन फेऱ्यांमधलं अंतर ठेवलंय साडेतीन मीटर, कारण डाळिंबाला कडेनं औषध कमी पडू नये म्हणून थोडं एकावर एक जाऊ देतात, चांगला पायलट मुद्दाम देतो. म्हणजे प्रत्येक फेरीत अर्धा मीटर जमीन दोनदा मोजली जाते. आता तुमचे सव्वापाच एकर घ्या, ४ नं गुणा, साडेतीननं भागा. किती आले? बरोबर ६. पायलटच्या ऍपमध्ये हेच झालं असेल तर तो खोटं बोलत नव्हता, तुम्ही पण खोटं बोलत नव्हता. ड्रोन ६ एकर उडाला, शेत सव्वापाचच होतं.

इथं ब्लॉकचेन असती तर काय झालं असतं? ते ६ एकर पक्क्या शिवणीत बसले असते, ३००० आपोआप गेले असते आणि वर तुम्हाला ऐकवलं असतं की सिस्टीममध्ये ६ च आहेत, सिस्टीम खोटं बोलत नाही. निदान बांधावर आज तुम्हाला हुज्जत घालता आली, मधले धरता आले. यंत्र मधले धरत नाही.

म्हणून आधी करार नीट करायचा, वही नंतर. एकर म्हणजे उडालेले का सातबाराचे, हे टाकी भरायच्या आधी ठरवा. माझं मत विचाराल तर प्लॉटच्या चारी कोपऱ्यांवर पायलटला रिमोट घेऊन चालत जाऊ द्या, त्यातून जी हद्द येईल त्या हद्दीचे एकर धरा. साधं जीपीएस दोन-चार मीटर इकडं तिकडं दाखवतं, आरटीके (जीपीएसची चूक जागेवरच दुरुस्त करणारी सोय) असलेलं असेल तर बोटांत मोजण्याइतका फरक राहतो, तेवढं विचारून घ्या. मग टाक्या मोजा. १० लिटरची टाकी साधारण एकरभर जाते, सात-दहा मिनिटांत रिकामी. तुमच्या बांधावर किती वेळा टाकी भरली हे तुमच्या गड्यानं बोटावर मोजलेलं असतंय, आणि तो आकडा कुठल्याही ऍपइतकाच भरवशाचा.

आता हे सगळं ठरलं असेल, हद्द दोघांनी मान्य केलेली असेल, मग मात्र ब्लॉकचेनचा खरा उपयोग आहे. उपयोग असा की हंगामात एक पायलट तीस शेतकऱ्यांकडं जातो, डिसेंबरात कुणाला आठवत नाही ऑगस्टात कुठलं औषध किती लिटर मारलं. निर्यातीचं डाळिंब असेल तर घेणारा विचारतोच, काढणीच्या आधी किती दिवस शेवटचं औषध मारलं. तेव्हा तुम्ही वही दाखवता, पायलट वही दाखवतो, व्यापारी आपली वही उघडतो, तिघांची एकच. औषधाच्या दिवसांचा खेळ मग कुणालाच करता येत नाही, तुम्हालाही नाही. गावात बचत गटाच्या बायकांकडं ड्रोन येत असेल (नमो ड्रोन दीदी योजनेत १५ हजार गटांना द्यायचं ठरलंय) तर त्यांना हे आत्ताच सांगून ठेवा, पहिल्या दिवसापासून सवय लागली तर लागती.

व्हॉट्सऍपवर एक ग्रुप आलाय, ड्रोन डिलिव्हरीचं कॉइन आत्ता घ्या, शहरात ड्रोन सुरू झाले की दहापट. टॉवेलचा धंदा मंदीत आहे, दोन लाख टाकू का? (अक्कलकोट रोड एमआयडीसी)

नका. दोन लाखांचं सूत घ्या. टाकून बसला असाल तर आज, आत्ता सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन करा, जितका उशीर तितके पैसे लांब जातात.

मी रक्तपेढीत काम करते. अक्कलकोटहून रात्री फोन येतो, दोन पिशव्या पाहिजेत, नातेवाईक मोटरसायकलवर थर्माकोलचा डबा घेऊन येतात. ड्रोननं पाठवता येईल का, आणि ब्लॉकचेनची त्यात गरज आहे का? (सात रस्ता)

ताई, पाठवता येतं हे करून बघितलेलं आहे. आयसीएमआरनं (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) ऑक्टोबर २०२१ मध्ये मणिपूरात बिष्णुपूरहून लोकटाक सरोवरातल्या करांग बेटावर लस नेली, रस्त्यानं २६ किलोमीटर, हवेतून १५, आणि पंधरा मिनिटांच्या आत पोचली. मग मे २०२३ मध्ये दिल्ली-नोएडा भागात रक्ताच्या पिशव्यांचीच चाचणी केली. अक्कलकोट आपल्यापासून ४० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे अशक्य नाही, पण शेतात फवारणारा ड्रोन तिथं चालत नाही, लांब पल्ल्याचा, पंखवाला पाहिजे, पायलटला तो डोळ्यांनी दिसणार नाही म्हणून त्याची परवानगी वेगळी, आणि उडाणाची सुरुवातच विमानतळाच्या छायेतून.

तुमच्या कामात मला ब्लॉकचेन बऱ्यापैकी पटते, कारण पिशवी चार हातांतून जाते आणि ते हात वेगवेगळ्या संस्थांचे आहेत. तुम्ही दिली, ड्रोनवाल्यानं घेतली, तिकडच्या सिस्टरनं उतरवली, डॉक्टरनं लावली. लाल पेशी २ ते ६ अंशांत ठेवायच्या असतात हे मी तुम्हाला सांगायला नको. आपल्याकडं मे महिन्यात दुपारी पारा ४३-४४ ला टेकतो. डब्यात तापमानाचा सेन्सर, तो दर मिनिटाला आकडा देतो, पोचल्यावर ती सगळी यादी हॅश करून वहीत. मग पिशवी खराब निघाली तर कुणाच्या हातात असताना तापली ते दिसतंय, एकमेकांवर ढकलता येत नाही.

फक्त सेन्सर कुठं लावलाय ते तुम्ही स्वतः बघा. एका प्रात्यक्षिकात मी बघितलं, कुठलं ते सोडा, सेन्सर बर्फाच्या जेल पॅकला चिकटवलेला होता. आकडा आला ३ अंश, सुंदर. पिशव्या होत्या डब्याच्या दुसऱ्या कडेला, पॅकपासून वीतभर लांब. तो ३ अंश पुढं जगाच्या अंतापर्यंत कुणी खोडू शकणार नाही अशी सोय केलेली होती! मी विचारलं तर म्हणाले, सर, डेटा इम्युटेबल आहे.

गच्चीवर शेंगा वाळत घातल्या की वर ड्रोन घिरट्या घालतो. कुणाचा कळत नाही. परवा मी केस धुऊन बसले होते. आता म्हणे सगळं ब्लॉकचेनवर कायमचं राहणार, म्हणजे माझा तो फोटो पण कायमचा? (भवानी पेठ)

काकू, पहिलं म्हणजे फोटो-व्हिडिओ ब्लॉकचेनवर ठेवत नाहीत. एक तर तो आकारानं जड, आणि दुसरं, तसं करणं मूर्खपणाचं आहे. वहीत फक्त त्याची ती ६४ अक्षरांची माळ जाते. फोटो बाहेर साध्या सर्व्हरवर, तो पुसला की माळ नुसतीच राहते, माळेवरून तुमचे केस कुणाला दिसत नाहीत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात आपली माहिती पुसायला सांगायचा हक्क दिलाय, आणि न पुसणारी वही म्हणजे त्या कायद्याशी सरळ टक्कर, म्हणून माणसाचं नाव, चेहरा, मोबाईल नंबर वहीत लिहायचंच नाही हा नियम पाहिजे. कुठलीही कंपनी पालिकेला सिस्टीम विकायला आली की मी पहिलं हेच विचारीन.

तुमचा खरा प्रश्न, ड्रोन कुणाचा. रस्त्यावरच्या गाडीचा नंबर वाचता येतो, ड्रोनचा युनिक नंबर २०० फुटांवरून कोण वाचणार? उडताना तो स्वतःचा नंबर रेडिओवर सांगत राहिला आणि तुमच्या मोबाईलवर दिसलं की अमुक नंबर, तर तुम्ही पोलिसांत नंबर देऊ शकता, आणि मालक कोण ते वहीवरून फक्त पोलिसांना कळेल, तुम्हाला नाही, कारण उलट बाजूनं कुणी पायलटच्या घरी भांडायला जाऊ नये. अशी सोय होईपर्यंत वेळ आणि दिशा लिहून ठेवा, मोबाईलवर व्हिडिओ घ्या, पोलिसांत अर्ज द्या. आणि बहुतेक तो गल्लीतल्याच कुणाच्या पोराचा असणार, एकदा आवाज देऊन बघा. भवानी पेठेत आवाज दिला आणि ऐकू गेलं नाही असं होत नाही.

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्ट: प्रत्येक ड्रोन म्हणजे इथेरियम नावाच्या ब्लॉकचेनचा नोड, लाइव्ह व्हिडिओ चेनवर, पायलटची माहिती हॅश करून. गाईड म्हणाले छान. तुम्ही सांगा. (केगाव)

गाईडना वेळ नसणार. तीन्ही गोष्टी बदल.

ड्रोनला नोड, म्हणजे वहीची प्रत सांभाळणारं मशीन, करू नकोस. त्याची बॅटरी उडायलाच पुरत नाही, त्यात तू त्याला अख्खी वही सांभाळायला लावतोस. ड्रोननं आपल्या डिजिटल किल्लीनं लॉगवर सही करावी, जमिनीवरच्या मशीनला द्यावी, संपलं. निर्णय पण चेनवरून घेऊ नको. बिटकॉइनचा ब्लॉक, म्हणजे वहीचं नवं पान, साधारण १० मिनिटांनी येतो, इथेरियमचा १२ सेकंदांनी. ड्रोन सेकंदाला १० मीटर जात असेल तर १२ सेकंदांत १२० मीटर गेला, १० मिनिटांत ६ किलोमीटर. समोर तार आली तर काय ब्लॉकची वाट बघत थांबणार? धडक टाळायचं काम ड्रोनच्या आतच, सेन्सरचं. चेनवर फक्त झालेलं लिहायचं.

कुणालाही लिहिता येणारी पब्लिक चेन कशाला पाहिजे ते पण विचार कर. इथं लिहिणारे कोण हे माहीत आहे, म्हणजे ठरलेल्यांनाच लिहिता येणारी परमिशन्ड चेन घे, हायपरलेजर फॅब्रिकसारखी, मायनिंगचा खर्च नाही, नोंदीमागं द्यायची गॅस फी नाही. प्रत्येक लॉगची वेगळी नोंद करू नको, तासाभराच्या सगळ्या हॅशचं मर्कल ट्री बांध (दोन-दोन हॅश जोडत शेवटी एकच हॅश उरतो, तो मूळ) आणि फक्त मूळ लिही, हजार उडाणांमागं एक ओळ. व्हिडिओबद्दल वर काकूंना लिहिलंय ते वाच.

आणि मोबाईल नंबरचा नुसता हॅश म्हणजे लपवणं नाही रे. दहा आकडी नंबर, सगळे मिळून हजार कोटींच्या आत, चांगल्या मशीनवर सगळ्यांचे हॅश काढून जुळवायला वेळ लागत नाही. सॉल्ट घाल, म्हणजे हॅश काढायच्या आधी नंबरात एक गुप्त आकडा मिसळ, नाहीतर तो नंबर चेनपर्यंत नेऊच नको. किल्ली हरवली तर, ड्रोन विकला तर, चोरीला गेला तर, यावर एक चॅप्टर लिही, परीक्षक तिथंच अडवतात. प्रॅक्टिस करायची तर केंद्र सरकारनं सप्टेंबर २०२४ मध्ये एनबीएफलाइट नावाचं सँडबॉक्स काढलंय, स्टार्टअप आणि शिकणाऱ्यांसाठीच, ते बघ.

नाव-गाव छापू नका. आमच्या गावच्या नगरपालिकेनं ड्रोननं घरं मोजली. फोटोत माझ्या गच्चीवर पत्र्याचं शेड दाखवून घरपट्टी वाढवली. शेड शेजाऱ्याचं आहे! ऑफिसात म्हणतात कॉम्प्युटर चुकत नाही, आणि पुढच्या वर्षी सगळं ब्लॉकचेनवर जाणार म्हणजे मग तर बदलताच येणार नाही. हे खरं का?

बदलता येतं. जुनी नोंद पुसता येत नाही, पण दुरुस्तीची नवी नोंद घेता येते, अण्णांच्या फेरफारासारखीच. "बदलताच येत नाही" असं जो सांगतो त्याला एक तर समजलेलं नाही किंवा समजावून घ्यायचं नाही.

शेड तुमच्याकडं कसं आलं त्याचा माझा अंदाज असा. ड्रोन वरून फोटो काढतो तेव्हा बरोबर खाली असलेलं घर सरळ दिसतं, कडेचं घर बाहेरच्या बाजूला झुकलेलं दिसतं, जितकं उंच तितकं जास्त. शेजाऱ्याचं घर तीन मजली असेल आणि तुमचं एकमजली, तर त्याची गच्ची फोटोत तुमच्या अंगणात उतरती. हा झोल काढायला शेकडो फोटो जोडून दुरुस्त नकाशा करतात, जमिनीवर खुणेचे पॉइंट घेतात. ते नीट झालं नसेल तर शेड सरकणार. म्हणून अर्ज करताना नुसतं "शेड माझं नाही" लिहू नका, मूळ फोटो मागा, वेळ आणि जीपीएससकट, जमिनीवरचे पॉइंट कुठले घेतले ते विचारा, आणि प्रत्यक्ष पाहणी मागा. प्रकरण कोर्टात गेलं तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्याला सर्टिफिकेट लागतं आणि त्यात फाईलचा हॅश लिहावा लागतो. ते सर्टिफिकेट दाखवा म्हणा. फोटो काढला त्याच दिवशी हॅश वहीत गेला असता तर फोटो नंतर बदलला नाही एवढं सिद्ध झालं असतं. फोटोत शेड कुणाचं, ते त्यातून सिद्ध होत नाही.

आणि वही येणारच असेल तर आत्ताच विचारा, प्रती कुणाकुणाकडं राहणार. पाच नोड म्हणतील आणि पाचही नगरपालिकेच्याच खोलीत एका रॅकवर असतील तर ती ब्लॉकचेन नाही, एकाच कपाटातल्या पाच झेरॉक्स आहेत. एक प्रत तरी जिल्ह्याकडं, एक नागरिकांच्या बाजूच्या कुणाकडं तरी पाहिजे. आपलं सोलापूर २८ जानेवारी २०१६ ला स्मार्ट सिटीच्या पहिल्या २० मध्ये आलं, नववं, तेव्हापासून डॅशबोर्ड खूप बघितले मी, पण डॅशबोर्डमागची फाईल नागरिकाच्या हातात दिलेली कमीच बघितली.

गावठाणांची ड्रोन मोजणी स्वामित्व योजनेत २०२० ला सुरू झाली. तिथली एक गोष्ट मला फार आवडते. ड्रोन उडायच्या आधी लोक आपापल्या घराच्या हद्दीवर चुन्याच्या रेघा मारतात, शेजारी उभा असतो, ग्रामसेवक उभा असतो, रेघ वाकडी गेली की तिथंच आवाज चढतो, पुन्हा मारतात, आणि मग ड्रोन वर जातो. तुमच्याकडं पुन्हा मोजणी लावून घेता आली तर शेजाऱ्याला चहाला बोलवा आणि चुन्याची पिशवी आणून ठेवा.